आईच्या पलंगाची मोटर

३ फेब्रुवारी, सोमवार

खोक्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, पण डायरी कधी लिहिली नाही. तिथे लॉगबुक असायचं. मशीन किती वाजता बंद पडलं, काय केलं, किती वाजता सुरू झालं. मग कारखानाच बंद पडला आणि त्याची नोंद कुणी केली नाही. आता नवं काम हाती घेतलंय, म्हणून ही वही.

काम असं आहे. आईचं उजवं अंग लुळं पडून चौदा महिने झाले. बोलते, पण जीभ जड. एकाच अंगावर पडून राहिली की पाठीला जखमा होतात, म्हणून दर दोन तासांनी तिला हलवावं लागतं, टेकवून बसवावं लागतं, पुन्हा निजवावं लागतं. रात्रीसुद्धा. हे सगळं ताई करते. मी चार महिन्यांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हापासून पाहतोय. ताईची कंबर गेली आहे. बसताना भिंतीला हात लावते.

मी असा पलंग करणार आहे की ज्याचा पाठीकडचा भाग आपोआप वर होईल, ठरल्या वेळी, ठरल्या कोनात, आणि आपोआप खाली येईल. कुणी उठायला नको. ताईला सांगितलं. ती डाळ निवडत होती. म्हणाली, "बरं." आईलाही सांगितलं. आई म्हणाली, "नको." नव्या गोष्टीची भीती वाटणारच.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला बोर्ड जाळला.

लाजेची गोष्ट आहे, पण इथे खोटं लिहून उपयोग नाही. बोर्ड म्हणजे काडेपेटीएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर मायक्रोकंट्रोलर. त्याला वेळ कळते, मोजता येतं, एकदा सांगितलेलं तो विसरत नाही. मी आपली एक खेळण्यातली मोटर चाचणी म्हणून सरळ त्याच्या पिनला जोडली. दोन गिरक्या घेतल्या आणि सगळं गार. साडेसातशे खोकी तासाला काढणारी मशीन सांभाळणारा माणूस मी.

जुन्या बाजारात सुट्या पार्टचं दुकान आहे. तिथल्या म्हाताऱ्याला सगळे ओहम काका म्हणतात, कारण गिऱ्हाईक दारात आलं रे आलं की ते चष्मा न काढता विचारतात, "किती ओहमचा?" माझा बोर्ड त्यांनी नाकाशी नेऊन हुंगला आणि परत दिला.

"इलेक्ट्रिशियनसाहेब, पिनने मोटर फिरवायची नसते," ते म्हणाले. "पिनने नुसतं सांगायचं असतं. करणारा दुसरा लागतो."

करणारा म्हणजे ट्रान्झिस्टर. पिनमधून जेमतेम वीस मिलिअँपिअर मिळतात. मी गाडीच्या वायपरची मोटर वापरणार आहे, तिला चार अँपिअर तरी लागणार. दोनशे पट. ट्रान्झिस्टरच्या एका पायाला, म्हणजे बेसला, पिनमधून एवढासा करंट दिला की त्याच्या उरलेल्या दोन पायांमधून मोठा करंट वाहतो. पिनने थांबवलं की थांबतो. कारखान्यात हेच काम कॉन्टॅक्टर करायचे, हाताएवढे मोठे, खाडकन वाजणारे. हा बोटाच्या पेराएवढा आणि आवाज नाही.

दोन बोर्ड आणि सहा ट्रान्झिस्टर घेऊन आलो. खरं तर बरं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा पिशवीत काहीतरी घेऊन घरी आलो.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईच्या ऑफिसचं पत्र आलं. ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात नकाशे सांभाळते. कुठल्या रस्त्याखालून कुठली नळी गेली आहे हे सगळं तिच्या कपाटात. बिनपगारी रजा संपली आहे. तीन मार्चला हजर व्हा, नाहीतर राजीनामा द्या, असं लिहिलंय.

तिने पत्र मला वाचायला दिलं आणि समोर उभी राहिली. मी गेले तर दिवसभर आईचं कोण करणार, असं विचारलं. मी म्हटलं, "म्हणून तर मशीन करतोय."

"मशीन बिघडलं तर?"

"मी आहे ना दुरुस्त करायला."

ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मला वाटतं तिला धीर आला. पत्र तिने फ्रिजवर ठेवलं, वर मिठाची बरणी.

मी पंचवीस तारखेपर्यंत काम पुरं करीन म्हणून कबूल केलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लोखंडी पलंग मधोमध कापला, बिजागऱ्या बसवल्या. वेल्डिंगवाल्याने आडव्या पाइपची चौकट करून दिली. ती आईच्या गुडघ्यांच्या वर येते. पाठीकडच्या भागाला जाड पट्टा, पट्टा वर पाइपवरच्या कप्पीतून खाली ड्रमवर. ड्रमला मोटर. मोटर फिरली की पट्टा गुंडाळला जातो आणि पाठ वर. मोटरच्या आत गिअर असा आहे की वीज बंद केली तरी पट्टा सुटत नाही, जिथल्या तिथे राहतो. याचा मला फार अभिमान आहे, मी केलेला नसला तरी.

दिवसभर आई ताईच्या खोलीत खाटेवर होती. ताईने तिला एकटीने उचलून नेलं. मी ग्राइंडर धरून होतो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन ट्रान्झिस्टर गेले. पहिला छोटा होता, मोटर जोर लावायला लागली आणि टप्पकन फुटला. दुसरा मोठा घेतला, तो मोटर बंद करताना गेला. फिरती मोटर तोडली की ती उलटा झटका मारते. त्या झटक्याला वाट करून द्यायला मोटरच्या दोन तारांवर उलटा डायोड लावायचा असतो. हे मला ठाऊक असायला हवं होतं. रिलेवर शेकडो वेळा लावलाय मी. तिसरा का गेला ते कळलं नाही.

ताई चहा घेऊन आली. मी म्हटलं, ठेव तिथे. ती थोडा वेळ उभी राहिली. म्हणाली, संध्याकाळी एक तासभर आईजवळ बसशील का, मला जरा चालून यायचंय. मी हो म्हटलं, पण मग चौथ्याची जुळणी चालू होती आणि हातातलं सोडवेना. ती गेली नाहीच शेवटी. तशी आता चालायची तिला सवयही राहिली नसेल.

१६ फेब्रुवारी, रविवार

चालली.

सव्वाचार वाजता, रिकाम्या पलंगावर. बोर्डावरचा दिवा लागला, मोटर गुरगुरली, पट्टा ताणला गेला आणि पाठीचा भाग सावकाश वर आला. हळूहळू चढावा म्हणून पिन ट्रान्झिस्टरला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करते. त्याने मोटर दमत नाही, पण दमाने चालते. चाळीस सेकंद मोजले की बोर्ड थांबवतो. रिलेने तारा उलट्या केल्या की खाली.

मी ताईला हाक मारली. तिचे हात ओले होते, तिने दारातून पाहिलं. मी तीनदा वर-खाली करून दाखवलं. ती म्हणाली, "चांगलं आहे रे." मग म्हणाली, "कूस कशी बदलणार?"

कूस मशीन बदलत नाही, फक्त पाठ उचलतं. कूस बदलायला पलंग उभा चिरून वेगळी रचना करावी लागेल. मी सांगितलं, ते दुसऱ्या टप्प्यात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ट्रान्झिस्टर तापतोय. ॲल्युमिनियमची जाळी, म्हणजे हीट सिंक लावलाय, तरी बोट ठेवलं आणि फोड आला. ओहम काकांकडे गेलो. त्यांनी मोटरचे आकडे विचारले, ट्रान्झिस्टरचा नंबर विचारला, आणि चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढलेला मला आवडत नाही.

ते म्हणाले, तू पाच अँपिअरच्या माणसाच्या डोक्यावर चार-साडेचारचं ओझं देतोयस, आणि म्हातारी जड असेल तर साडेपाचचं. मोठा घे. माझ्याकडे आत्ता नाही, आठवड्याने येईल. तोवर चालवू नकोस. मी म्हटलं, पंचवीस तारखेचा शब्द दिलाय. तेव्हा त्यांनी एक लिव्हर असलेला लहानसा स्विच काढून माझ्या हातावर ठेवला. पलंग जिथे थांबायला हवा तिथे हा लाव, म्हणाले. पलंगाने दाबला की थेट मोटरची तार तोडेल असा. बोर्डाला विचारायचं नाही, ट्रान्झिस्टरला विचारायचं नाही.

"ट्रान्झिस्टर मरतो ना," ते म्हणाले, "तो बहुतेक वेळा चालू राहूनच मरतो. तुझा बोर्ड बंद बंद म्हणून ओरडत राहील आणि मोटर फिरत राहील."

पट्टी वाकवून वेल्ड केल्याशिवाय स्विच बसणार नाही. वेल्डिंगवाला सोमवारपर्यंत बाहेर आहे. स्विच खणात ठेवलाय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पट्ट्याला आईचा खांदा घासू नये म्हणून कापडी खोळ हवी होती. आई तीस वर्षं शिवणकाम शिकवायची. ताई शिवत होती आणि आई पलंगावरून बघत होती. दोनदा उसवायला लावली. जड जिभेने एकेक शब्द, "बारीक. टाका. बारीक." ताई म्हणाली, अगं, पट्ट्याची खोळ आहे, लग्नाचा ब्लाउज नाही. आई हसली. डावीकडूनच हसते आता, अर्धंच हसू येतं. मीही हसलो. तिघं असे एका खोलीत कधी बसलो होतो आठवत नाही.

मग आईला हलवायची वेळ झाली आणि ताई उठली. उठताना तोंडातून आवाज आला तिच्या. मी म्हटलं, आता तीनच दिवस.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कबूल केल्याच्या एक दिवस आधीच. आज आईसकट चालवली. आईने डाव्या हाताने गादीची कड धरून ठेवली होती आणि डोळे मिटले होते. चाळीस सेकंदांत बसती झाली, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसला तिला. मी विचारलं, कसं वाटतं? आई म्हणाली, "ताई कुठंय?" ताई तिच्या बाजूलाच उभी होती, प्लगपाशी.

ड्रमच्या खांबाशेजारीच भिंतीवरचा स्विचबोर्ड आहे. ताई दर वेळी तिथेच उभी राहते. मशीन थांबलं की ती प्लग ओढून काढते आणि दोन तासांनी पुन्हा लावते. मी म्हटलं, असं केलंस तर बोर्डाची वेळ चुकते. ती म्हणाली, असू दे.

वेल्डिंगवाला आला होता, पण मीच परत पाठवला. चालू झालेलं मशीन पुन्हा उघडायचं नव्हतं मला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस बिनचूक. रात्री प्लग काढू नकोस अशी ताईला ताकीद दिली, तिने ऐकलं. तरी प्रत्येक वेळी मोटर गुरगुरली की उठून बसते, असं सकाळी म्हणाली. सवय सुटायला वेळ लागेल. कूस मात्र तिलाच बदलावी लागते.

आमच्या कारखान्यातल्या सुपरवायझरला फोन केला. त्याच्या मेहुण्याचं रुग्णांना ठेवून घेणारं केंद्र आहे, चाळीस खाटांचं. मी मशीनचं वर्णन केलं. उद्या अकराला सविस्तर बोलू म्हणाला. चाळीस खाटा! मला आज झोप लागणार नाही, पण ती चांगल्या कारणाने.

ताईने विचारलं, सोमवारी मी जाऊ ना ऑफिसला? मी म्हटलं, जा की. मग ती म्हणाली, आईचं अंग पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं, भरवणं, हे सोमवारी कोण करेल? मी म्हटलं, बघू, एखादी बाई बघू. ती म्हणाली, "कोण बघेल?" मी म्हटलं, तूच बघ ना, तुला बायकांमधलं जास्त कळतं. फ्रिजवरचं पत्र काढून तिने पर्समध्ये ठेवलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही.

गुरुवारी अकरा वाजता मी बाहेरच्या पॅसेजमध्ये सुपरवायझरशी फोनवर बोलत होतो. मशीन किती सुरक्षित आहे ते सांगत होतो. हे असंच घडलं, मी रंगवून लिहीत नाही. आतून मोटरचा आवाज येत होता आणि तो थांबायच्या वेळेला थांबला नाही. चाळीस सेकंद माझ्या अंगात मुरलेत, मला न मोजता कळतं. मग आईचा आवाज आला. शब्द नाही, नुसता आवाज.

मी आत धावलो. पलंगाची पाठ सरळ उभी होऊन पुढे झुकली होती, आई कमरेत दुमडलेली, कपाळ गुडघ्यांकडे. पण मोटर थांबली होती. नुसतं घुं करत होती. ड्रम आणि पट्टा यांच्यामध्ये ताईचा डावा हात होता, मनगटापर्यंत. ती ओरडत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

मी प्लग ओढला. मोटरचा गिअर हाताने उलट फिरत नाही, म्हणून हात निघेना. पट्टा कापावा लागला. आईने उसवून उसवून शिववून घेतलेली खोळ आणि पट्टा, दोन्ही कापले. आईला निजवलं. तिला काही झालं नाही, श्वास लागला होता तेवढाच. शेजारच्या नळवाल्याने गाडी काढली.

ताईची दोन बोटं मोडली आहेत, मधल्या बोटाचं टोक चेंगरलंय. ते बोट पुन्हा नीट वाकेल असं वाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हात सहा आठवडे पट्टीत, काही उचलायचं नाही. ताईने विचारलं, "सहाच?" डॉक्टर म्हणाले, निदान सहा, जास्तही लागतील. घाबरली असणार बिचारी. मी तिला म्हटलं, सहा आठवडे कसे जातील कळणारही नाही.

ट्रान्झिस्टरला मीटर लावून पाहिला. कलेक्टर ते एमिटर, म्हणजे बेस सोडून उरलेल्या दोन पायांमध्ये, सलग बीप. आत वितळून एक झालाय. बोर्ड ठीक आहे. बोर्डाने वेळेवर बंद करायला सांगितलं होतं.

स्विच अजून खणात आहे.

१ मार्च, शनिवार

ताई दवाखान्यात आहे, बोटांचं छोटं ऑपरेशन झालं. दोन वेळा गेलो, दोन्ही वेळा झोपलेली. मला वाटलं औषधाची गुंगी. नर्स म्हणाली, गुंगी कधीच उतरली, ही हिची स्वतःचीच झोप आहे, किती दिवसांची साठवली होती कोण जाणे. जेवायला उठवलं की जेवते आणि पुन्हा झोपते. दवाखान्यात इतक्या गोंगाटात कुणाला झोप लागते?

आज संध्याकाळी जागी सापडली. मी विचारलं, प्लग का नाही काढलास? तो तर तुझ्या उजव्या हाताशीच होता. तीन दिवस दर वेळी तूच काढत होतीस.

"सुचलं नाही," ती म्हणाली.

घाबरल्यावर माणसाला सुचत नाही हे खरं. कारखान्यातही असे अपघात पाहिलेत. तरी घरी आल्यावर मी त्या खांबाशी उभा राहून पाहिलं. प्लग आणि ड्रम यांच्यात हातभर अंतर आहे. उजवा हात मोकळाच होता तिचा. आई माझ्याकडे बघत होती. मी तिला म्हटलं, ताई गोंधळली गं त्या वेळी. आईने डोळे मिटले.

गुरुवारपासून आईचं मी करतोय. जमत नाही. तिला बसतं करताना मी काखेत हात घालून ओढलं, तर ती कळवळली. भांडं द्यायला लाज वाटते, मला आणि तिलाही. तीही तोंड फिरवते, मीही फिरवतो, आणि मग सांडतं. रात्री दोन तासांचा गजर लावला होता, एक चुकला. सकाळी पाठीवर लाल चट्टा.

२ मार्च, रविवार

मलम शोधताना ताईच्या कपाटात एक वही सापडली. माझ्यासारखी डायरी असेल म्हणून उघडली. डायरी नाही. तारीख आणि वेळ, आणि पुढे एक शब्द. २ डावी. ४ पाठ. ६ उजवी. ८ बसती. चौदा महिने, एकही ओळ गाळलेली नाही. मध्ये मध्ये "ताप", "जुलाब", "पाठ लाल, मलम". आमच्या लॉगबुकपेक्षा नीट.

मी आलो त्या दिवसाचं पान काढलं. ऑक्टोबरातली ती तारीख मला पाठ आहे. तिथेही तेच. २ डावी, ४ पाठ. पुढच्या चार महिन्यांत माझा उल्लेख कुठेच नाही. मशीनचाही नाही. सव्वीस तारखेला रात्री २, ४ आणि ६ असं सगळं आहे.

पण सगळी वही चाळली तरी तक्रार म्हणून एक शब्द नाही. हे पाहून बरं वाटलं.

शेवटच्या नोंदीखाली मी लिहिलं, "११ उजवी." अक्षर तिच्यासारखं आलं नाही.

३ मार्च, सोमवार

ताईला आज सकाळी सोडलं. मी नळवाल्याची गाडी घेऊन गेलो तर ती तयार होऊन बाकावर बसली होती, डावा हात गळ्यात, केस कुणीतरी विंचरून दिलेले. मला वाटलं घरी येणार. तिने नळवाल्याला ऑफिसचा पत्ता सांगितला. मी म्हटलं, अगं, या हाताने? ती म्हणाली, नकाशे उजव्या हाताने काढतात.

साडेदहाला ती हजर झाली, शेवटच्या दिवशी. मी बाहेर गाडीत बसून होतो. तासाभराने आली, म्हणाली, तू जा, आईची वेळ झाली असेल. झालीच होती.

संध्याकाळी येऊन तिने एक बॅग भरली. ऑफिसजवळ नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह आहे, तिथे तिची जुनी सहकारी राहते, खोलीत एक खाट रिकामी आहे. इथे राहिले तर हात वापरला जाईल, डॉक्टरांनी सक्त मनाई केली आहे, असं म्हणाली. हे पटण्यासारखं आहे. आईजवळ बराच वेळ बसली. काय बोलल्या कळलं नाही. आईने तिच्या पट्टीतल्या बोटांवर आपला चांगला हात ठेवला होता.

जाताना मला वहीचं सांगत होती. मी म्हटलं, मिळाली. ती म्हणाली, आठची बसती चुकवू नकोस, तिला जिना बघायला आवडतो.

९ मार्च, रविवार

काही लिहायला नाही. वेळही नाही.

१७ मार्च, सोमवार

सुपरवायझरचा फोन दोनदा येऊन गेला. मेहुण्याला मशीन बघायचंय. मी उचलला नाही. एकदा उचलायला गेलो तर हातात आईचा ओला कपडा होता.

कंबर धरली आहे. बसताना भिंतीला हात लावावा लागतो. पण चट्टा गेला. कूस बदलताना आधी गुडघा मोडायचा, मग खांदा आणि कंबर एकदम वळवायची, हे मला आईनेच शिकवलं, एकेका शब्दात. शिवणाच्या वर्गातल्यासारखी चिडते. "उसव," म्हणाली एकदा, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून कर.

बाई शोधतोय. तीन आल्या, दोघींनी पाहिलं आणि गेल्या. तिसरी दोन तास दुपारी येईन म्हणाली. बायकांमधलं मला काही कळत नाही असं मी म्हटलं होतं, पण यात कळण्यासारखं काही नाही. फोन करत राहायचं.

३० मार्च, रविवार

दुपारची बाई येते, त्या दोन तासांत मशीन पुन्हा उभं केलं. मोठा ट्रान्झिस्टर, तीस अँपिअरचा. हाताला कोमट लागतो फक्त. लिव्हरचा स्विच बसवला, मोटरच्या तारेतच. मग मुद्दाम मेलेला ट्रान्झिस्टर लावून पाहिला. पाठ वर आली, स्विच टक वाजला, मोटर थांबली. दहा वेळा केलं, दहा वेळा थांबली.

वेल्डिंगवाल्याला पट्टीसाठी लागली ती वीस मिनिटं.

ओहम काकांना सांगायला गेलो. ताईच्या हाताचं त्यांना नळवाल्याकडून कळलं होतं. मी बोलत राहिलो आणि ते खालच्या खणात काहीतरी शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "तुला सांगितलं होतं की नाही, एवढंच मी माझ्या मनाला विचारत होतो महिनाभर." मी म्हटलं, सांगितलं होतं. स्पष्ट सांगितलं होतं. त्यांनी मान हलवली. निघताना त्यांनी मला पहिल्यांदाच साहेब म्हटलं नाही.

आईला मशीनवर बसवायला गेलो. तिने डाव्या हाताने पट्टा बाजूला सारला. जबरदस्ती केली नाही. हाताने बसवली.

१३ एप्रिल, रविवार

आज सहा आठवडे उलटून गेले. पट्टी निघाली. ताई आली होती.

निळी साडी नवी होती, बांधा जरा भरलाय. चेहऱ्यावरून हात फिरवावा तसं काहीतरी पुसलं गेलंय तिच्या तोंडावरून. काय ते मला सांगता येत नाही. मधलं बोट सरळच राहतं, कप धरताना वेगळं उभं असतं. मी त्याकडे बघतोय हे तिने पाहिलं आणि कप दुसऱ्या हातात घेतला.

मी मशीनचं सांगितलं. स्विच, मोठा ट्रान्झिस्टर, दहापैकी दहा. चालवून दाखवू का विचारलं. ती म्हणाली, नको. ऑफिसचं बोलली. जुन्या नकाशांवर नळ्या चुकीच्या दाखवल्या आहेत, त्या प्रत्यक्ष रस्त्यावर जाऊन तपासायचं काम तिच्याकडे दिलंय. दिवसभर चालते, म्हणाली. कंबर दुखत नाही? तर म्हणाली, चालून दुखत नाही.

चार वाजले. आईला हलवायची वेळ. मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. सहा आठवडे तर संपले होते. ती खुर्चीतून उठली नाही. दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक घेतलेले, घट्ट. मग मी उठलो. गुडघा मोडला, खांदा आणि कंबर एकदम वळवली, पाठीमागे उशी लावली. ताई सगळं बघत होती.

"पाठीखाली हात आणखी आत घाल," ती म्हणाली. एवढंच. मी घातला.

दाराशी चपला घालताना मी विचारलं, घरी कधी येतेस? हात तर बरा झालाय.

ती म्हणाली, "यायला येईन रे. दर रविवारी येईन. राहायला नाही."

मी म्हटलं, तू चिडली आहेस का माझ्यावर? मी माफी मागितली, नीट, पहिल्यांदाच. स्विच खणात होता तेही सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं ते. तिने चपलेचा पट्टा लावला. म्हणाली, स्विचचं काही नाही. जिना उतरताना कठड्याला हात न लावता उतरली.

मी आत आलो तर आईने डोळे उघडे ठेवले होते. खिडकीतून समोरचा जिना दिसतो, आमचा नाही, तरी ती तिकडेच बघत होती.

"गेली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, गेली. आता राहायला येणार नाही म्हणते.

आईची जीभ जड आहे, पुष्कळदा अंदाजानेच घ्यावं लागतं. पण हे दोन शब्द मला स्पष्ट ऐकू आले. आई म्हणाली, "बरं झालं."

ताईवर रागावली असावी. उद्या शांतपणे समजावीन तिला. आता सहा वाजत आलेत, उजव्या कुशीची वेळ आहे.